पुढे चाळीस, डावीकडे नव्वद

अर्धे पैसे सरकार देणार होतं.
उरलेले अर्धे
संपाच्या वर्षी ज्या बायकांनी
चॅपलच्या तळघरात तीनशे माणसांचं रांधलं
त्यांनीच उभे केले:
तव्यावरचे मनुकांचे केक विकून,
जुने स्वेटर उसवून विणलेले मोजे विकून,
आणि एक सोडत काढून, जिचं पहिलं बक्षीस होतं
कोळशाची गोणी.
कोळसा बाहेरगावाहून आणलेला.
त्यावर कोणी हसलं नाही.

मग एका मंगळवारी रोंडा खोऱ्यातल्या आमच्या शाळेत
संगणक आला, चहाच्या ट्रॉलीवर बसून.
आयडवल शिपायाने लांब वायर ओढली
थेट स्वयंपाकघरातून.
कोबी शिजायला लावला की फ्यूज उडायचा.
मुलं एकशे बारा, यंत्र एक.
आठवड्याला प्रत्येकी सात मिनिटं.

मी डॉक्टरांची बायको.
सांगलीची गणिताची पदवी ट्रंकेच्या तळाशी,
लग्नातल्या शालूखाली.
मिसेस प्रॉसरनी बोलावलं, कारण मला वेळ होता
आणि भारतीयांना गणित येतंच असं त्यांना वाटायचं.
टिपणीस कोणालाच म्हणता येईना,
म्हणून मी मिसेस टी.

संगणकाबरोबर एक कासव होतं.
पारदर्शक पाठ, पोटात पेन, शेपटीची वायर.
मला आमच्या देवळातलं आठवलं, दगडी,
गाभाऱ्याकडे तोंड करून बसलेलं,
ज्याला ओलांडायचं नसतं.
ते कधी हललं नाही.
हे हललं.
सेरिसने टाइप केलं, पुढे पन्नास,
आणि ते खरखरत निघालं, भिंतीला धडकलं,
तरी चाकं फिरवत राहिलं बिचारं
पन्नास पुरे होईपर्यंत.
"मिसेस टी, ते ऐकतं!"
सांगितलेलं ऐकणारं असं काही
त्या गावाने बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

बाकीच्यांनी चौकोन काढले, घरं, तारे.
गेथिन बोवेन आकडे घरूनच लिहून आणायचा,
बिलाच्या पाठकोऱ्या कागदावर.
सात मिनिटांत सोळा ओळी.
कासव एक रेघ ओढायचं: सरळ, डावीकडे, पुन्हा सरळ,
मग तीच वाट मागे, आणि भलतीकडेच.
ना घर, ना तारा.
मला वाटलं चुकतोय. दुरुस्त करायला वाकले.
त्याने दोन्ही हातांनी कीबोर्ड झाकला.

पालकसभेच्या संध्याकाळी तो कागद जमिनीवर पसरलेला.
त्याचे वडील आले. टोपी हातात,
कपाळावर कोळशाचे निळे व्रण.
खुर्चीकडे जाता जाता थांबले.
उकिडवे बसले.
रेघेवरून बोट फिरवत गेले
अंधारात भिंत चाचपावी तसं.
"हा मोठा बोगदा.
इथे आज्याच्या वेळी घोडे बांधायचे.
इथे ग्लिन गेला."
बोट पुढे सरकलं, थांबलं.
"पण हे नव्वद नाही रे. साठ असेल.
वळताना खांदा घासायचा माझा."

गेथिन काही बोलला नाही.
ट्रॉली ओढून आणली, बापाच्या हातापाशी.
दोन जाड बोटं एकेक कळ शोधत राहिली.
सात मिनिटं केव्हाच होऊन गेली होती.
आयडवल दारात उभा,
किल्ल्यांचा जुडगा मुठीत घट्ट धरून,
वाजू नये म्हणून.

कासव निघालं.
तोंडाशी सिमेंट ओतलेल्या, पाणी भरलेल्या
त्या बोगद्यातून, शाळेच्या फरशीवर,
खरखरत
साठ अंशात वळलं,
आणि पुढे.

तेवढ्यात कोणीतरी स्वयंपाकघरात किटली लावली.
मिट्ट काळोख.
बायका किंचाळल्या, एक कप फुटला.
आणि जमिनीलगत एक आवाज, अगदी शांत,
जसा तो वीस वर्षं खाली बोलत आला असेल:
"कोणी हलू नका.
कासवावर पाय पडेल."